आधी प्रार्थना

प्रार्थनेच्या मध्येच तो श्वास घ्यायला क्षणभर थांबला, आणि सगळा हॉल एका आवाजात ‘आमेन’ म्हणून उठला.

बाकं करकरली. कोणाची तरी थाळी खाली पडून स्वतःभोवती फिरत राहिली. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते, हात वर होते. आजाऱ्यांसाठीचं मागणं अजून व्हायचं होतं, कामावरून काढलेल्यांसाठीचं व्हायचं होतं, तुरुंगातल्यांची पाळी तर दरवेळी शेवटीच यायची. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, ‘आणि हे दयाळू पित्या, जे आज आमच्यात नाहीत,’ आणि ते तोंडात चटका देणाऱ्या घासासारखं अडकून बसलं, गिळता येईना, टाकता येईना. डोळे उघडले तेव्हा त्याला नुसत्या पाठी दिसल्या. मळक्या कोटांच्या, एकीला एक चिकटलेल्या पाठी, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळलेल्या. कोणी हसलं नव्हतं, आणि त्याला लागलं ते हेच. खोडी काढली असती तर त्याला रागावता आलं असतं. पण ती माणसं अगदी सरळ मनाने उठली होती. आवाज वर चढतो, खाली येतो, थांबतो, एवढं त्यांच्या कानांनी ओळखून ठेवलं होतं; शब्दांशी त्यांचा काही संबंधच नव्हता. पहिल्या बाकावर बहिरी आजी तेवढी बसून होती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, आणि ओठ का हलत नाहीत म्हणून तिने भुवया वर केल्या. त्याने तिला हाताने खूण केली, जा, जेवून घ्या. हात आपोआप आशीर्वाद दिल्यासारखा उठला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

लहानपणी घरी प्रार्थना आई म्हणायची, आणि ती लांबलचक असायची. ताटातली वाफ हळूहळू विरत जायची, तो एक डोळा किलकिला करून ती विरताना बघायचा. आई आजारी असली की पाळी वडिलांवर यायची. वडील बसमध्ये कंडक्टर होते. ते ‘दिलंस, खातो, आमेन’ एवढंच म्हणायचे आणि घास उचलायचे. त्याला त्यांची लाज वाटायची. तो आईच्या बाजूचा होता. मोठा होऊन मी पाळक होणार, असं त्याने एकदा जेवताना जाहीर केलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि वडील म्हणाले होते, “हो बाबा, पण थोडक्यात आटपत जा.” आता रिकाम्या बाकांसमोर उभं राहून, टायरच्या जुन्या दुकानाच्या या हॉलमध्ये, जिथे हवा दमट झाली की भिंतींमधून अजून रबराचा वास सुटायचा, त्याला वडिलांचा तो मिश्कील, दमलेला चेहरा इतका स्पष्ट दिसला की त्याने नजर खाली वळवली.

सुरुवातीला असं नव्हतं. काचेचा कारखाना बंद पडल्यावर वस्ती खचत चालली होती तेव्हा तो इथे आला, नवं लग्न, नवा कोट. दारोदार जायचा. दार किलकिलं व्हायचं, “आम्हाला काही घ्यायचं नाही” असं म्हणून बंद व्हायचं. काहींना तो वीज तोडायला आलेला माणूस वाटायचा, ते आत दिवे मालवून गप्प बसायचे. काहीजण मात्र घरात घ्यायचे, आणि ते जास्त अवघड होतं, कारण ती माणसं मग सगळं सांगायची. मुलगा काय ओढतो, जावई कुठे हात उचलतो, छत कुठे गळतं. तो ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, रविवारी या. त्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट सभ्य भाव यायचा, दुकानदाराने सुट्टे नाहीत म्हटल्यावर येतो तसा. रविवारी तो, बायको, बहिरी आजी आणि झोपायला येणारा एक माणूस, एवढीच उपासना व्हायची. मग बायकोने बुधवारी दुपारी सूप आणि पाव सुरू केला. तिने त्याला विचारलंही नव्हतं. मोठं पातेलं उसनं आणलं आणि दार उघडं टाकलं. त्या दुपारी हॉल भरला, आणि त्याला वाटलं, झालं, आता हे वळतील. माणसं पोटभर जेवली, थाळ्या धुऊन ठेवल्या, त्याच्याकडे बघून माना हलवल्या आणि गेली.

शिधा नदीपलीकडच्या मोठ्या चर्चकडून यायचा. तिथले कार्यवाह अधूनमधून बघायला यायचे. भला माणूस. चष्मा सारखा पुसायची सवय होती, आणि वाईट बोलायचं असलं की ती वाढायची. ते रविवारी मागे उभे राहायचे, बाकांवरून नजर फिरवायचे. एकदा त्यांनी त्याला बाजूला घेतलं. “पाळकसाहेब, मी बुधवारी पण आलो होतो, रविवारी पण आलो. आमच्याकडची मंडळी विचारतात, हे चर्च आहे की खानावळ? खानावळच चालवायची तर ते करणारे दुसरे आहेत. मी कुठवर सांभाळून घेऊ?” बोलताना त्यांचा रुमाल काचांवर गोल गोल फिरत होता. त्या आठवड्यात त्याने एक फळी रंगवली आणि दाराशी टांगली. ‘आधी प्रार्थना, मग जेवण.’ अक्षरं छान आली होती. बायकोने ती वाचली आणि आत जाऊन बटाटे सोलायला लागली.

पाटी लावली त्या दिवशी एकच माणूस दारातून परतला. घड्याळवाले काका. बाजारपेठ होती तेव्हा कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्यांनी पाटी वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली आणि थाळी त्याच्या हातात दिली. “मला जमायचं नाही. मी बसेन, डोळे मिटेन, तुम्हाला वाटेल मी करतोय. मी करत नसणार. या वयात खोटं बोलायला शिकायचं, तेही सुपासाठी?” तो म्हणाला होता, “काका, नुसतं बसा की.” तर ते म्हणाले, “नुसतंच बसायचं तर मग पाटी कशाला?” तेव्हापासून दर बुधवारी ते समोरच्या बंद शटरपाशी, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मागत नव्हते, बोलत नव्हते. माणसं आत जाताना बघायचे, ती बाहेर येऊ लागली की निघून जायचे. त्याला ती शिक्षाच वाटायची. हा माणूस मुद्दाम करतो, असं तो बायकोला म्हणायचा. आणि प्रार्थना करताना त्याच्या मिटल्या डोळ्यांसमोर देव उभा राहायचा नाही, तो शटरपाशी उभा असलेला म्हातारा असायचा. खरं तर त्याच्यामुळेच प्रार्थना लांबत चालली होती. जणू अजून थोडी ताणली तर तो कंटाळून आत येईल, किंवा निघून तरी जाईल.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको घामाने थबथबली होती, डाव फिरत होता, थाळ्या पुढे सरकत होत्या.

“मध्येच उठले गं सगळे.”

“मला वाटलं संपली,” ती म्हणाली. “मी पण आमेन म्हटलं.”

त्याला हसायला हवं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत दोघं यावर पोट धरून हसले असते. पण त्याच वेळी त्याला मागच्या दाराशी, पोत्यावर ठेवलेला झाकणाचा डबा दिसला, फडक्यात नीट बांधलेला. “हा कोणाचा?”

तिने पुढची थाळी भरून सरकवली. मग म्हणाली, “घड्याळवाल्यांच्या बायकोचा. ती अंथरुणाला खिळलीय. मी नेऊन देते.”

“कधीपासून?”

“पाटी लावल्यापासून.”

“मला न सांगता?”

“सांगून काय झालं असतं? रात्रभर कूस बदलत पडला असतात आणि सकाळी नाही म्हणाला असतात.”

ते खरं होतं. त्याने डबा उचलला. “आज मी नेतो.” ती म्हणाली, “नको, मी जाते, थांबा, अहो, ऐका तर आधी.” पण रांगेतून कोणीतरी पाव मागितला, ती वळली, आणि तो बाहेर पडला होता. तिला काय सांगायचं होतं ते त्याने ऐकलं असतं तर? पुढे कितीतरी दिवस हा प्रश्न त्याला सोडेना.

रस्त्यावर हात पाठीमागे बांधलेली ती आकृती नव्हती. काकांच्या इमारतीची लिफ्ट कधीच बंद पडली होती, तिच्या जाळीत लोक कचरा टाकायचे. जिन्यात ओल, लघवीचा वास, कुठल्यातरी मजल्यावर रेडिओ. डबा पोटाशी धरून तो चढत होता, गरम लागत होता डबा, आणि कितीतरी दिवसांत त्याला पहिल्यांदा असं वाटलं की आपण कुठेतरी काहीतरी घेऊन चाललोय. रविवारी या, हे आज म्हणायचं नव्हतं. एवढ्यानेच छातीत हलकं वाटत होतं. चौथ्या मजल्यावर काकांनीच दार उघडलं. खोलीच्या भिंतीवर फिकट गोल डाग होते, लहानमोठे, जिथे घड्याळं टांगलेली असायची आणि आता नव्हती. खिडकीशी पलंग, पलंगावर काकू. अर्धं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लखलखीत. डबा दिसताच त्या डोळ्यांना कोण आनंद झाला.

“या, या,” काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर त्याने कधी न पाहिलेला मोकळेपणा होता. “आज स्वतः? पाळकीणबाई म्हणाल्याच होत्या, डबा तुम्हीच पाठवता म्हणून. मी हिला म्हटलं, माणसाने पाटी लावली खरी, पण मन आहे त्याला. आभार मानायला येतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, त्यांना आवडत नाही.”

आता नुसतं हसायचं होतं. मान खाली घालून ‘त्यात काय’ म्हणायचं होतं. बायकोने सगळं इतकं नीट जुळवून ठेवलं होतं. तिचं लहानसं खोटं त्या खोलीत पलंगाच्या पायासारखं उभं होतं आणि त्यावर दोन माणसांचं जगणं टेकलं होतं. पण त्या दुपारी त्याच्या कानात ते ‘आमेन’ अजून वाजत होतं, आणि आणखी एक खोटी गोष्ट स्वतःच्या तोंडून काढणं त्याला अशक्य झालं.

“मला आजच कळलं,” तो म्हणाला.

काकांचा चेहरा आधी बदललाच नाही. “काय कळलं?”

“डबा येतो ते. मी पाठवत नव्हतो.”

“म्हणजे तुमची परवानगी नव्हती.”

“परवानगीचं काय, काका…”

“होती की नव्हती?”

“नव्हती.”

“म्हणजे इतके दिवस आम्ही चोरून खाल्लं.” ते हे फार हळू म्हणाले, एखादा बारीक स्क्रू हातातून निसटू नये तसं.

“असं नका म्हणू. खा हो. माझ्यासाठी खा.”

“तुमच्यासाठी?” काकांनी त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून? तिकडे डोळे मिटायचे आणि इकडे तोंड उघडायचं. फरक काय पडला?”

पलंगावरून आवाज आला. काकूंना एकच अक्षर उरलं होतं, ‘बा’, आणि तेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. चांगला हात पांघरुणातून बाहेर आला होता आणि डब्याच्या दिशेने हवेत काहीतरी पकडत होता. काकांनी त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.  मग त्यांनी डबा घेतला, फडकं सोडलं, चमच्यावर फुंकर घातली आणि तिला भरवू लागले. त्याच्याकडे पाठ करून म्हणाले, “तुम्ही आता जा.” दार ओढून घेतल्यावरही तो जिन्यात उभा होता. आत चमचा डब्याच्या तळाला घासत होता. त्यांनी स्वतः काही खाल्लं नसणार हे त्याला बाहेरून कळत होतं.

घरी तो बायकोला म्हणाला, “तू मला सांगायला हवं होतंस.” ती म्हणाली, “तुम्ही गप्प बसायला हवं होतं.” दोघंही खरं बोलत होती. त्यानंतर ती डबा घेऊन दोनदा गेली, दोन्ही वेळा दार उघडलं नाही. आत माणसं आहेत हे तिला कळत होतं, आतून ‘बा’ ऐकू येत होतं.

पुढच्या बुधवारी त्याने फळी उतरवली. मनात कसलाच हिशेब नव्हता. ती लटकलेली बघवेना एवढंच. नेमके त्याच दिवशी कार्यवाह आले होते, त्यानेच त्यांना महिन्यापूर्वी बोलावलं होतं, भरलेला हॉल बघायला. तो उभा राहिला आणि म्हणाला, “आजपासून ज्यांना जेवायचंय त्यांनी सरळ जेवायला जावं. ज्यांना प्रार्थनेला थांबायचंय त्यांनी थांबावं.”  माणसं एकमेकांकडे बघू लागली, यात काही मेख तर नाही ना. मग एक बाई उठली, मग सगळी बाकं उठली. राहिली बहिरी आजी, जिला काही ऐकू आलं नव्हतं, आणि मागे उभे असलेले कार्यवाह. त्याने त्या दोघांसमोर प्रार्थना केली. ती फार छोटी झाली. आजीने त्याच्या ओठांवरून नजर काढून मागे वळून पाहिलं आणि दचकून विचारलं, “सगळे मेले की काय?” तो बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला. कार्यवाह हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढला. “मला तुमचं कळतंय,” ते म्हणाले. “मला कळून उपयोग नाही हो. मी तिकडे काय सांगू?”

काका त्या दिवशी आत आले. बायकोने खिडकीतून त्यांना हाक मारली, फळी नसलेला खिळा बोटाने दाखवला. त्यांनी तो खिळा पाहिला, रांगेत उभे राहिले, आपला डबा पुढे केला, आणि जाताना त्याच्याकडे मान हलवली, दुकानदार दुकानदाराला हलवतो तशी. त्यानंतरचे थोडे आठवडे त्याच्या इथल्या सगळ्या वर्षांत चांगले होते. बायको काम करताना गुणगुणायची. एकदोन माणसं जेवण झाल्यावर उगाच बाकावर रेंगाळायची, आणि तो त्यांना काही म्हणायचा नाही, त्यांच्याशेजारी बसायचा. हेच असेल का ते, असं त्याला वाटायचं. मग शिध्याची गाडी आली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही आली नाही. कार्यवाह एकटे बसने आले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि रुमाल हातात नुसता चुरगाळत राहिले. “मी खूप प्रयत्न केला,” ते म्हणाले. हॉल ठेवायला परवानगी होती, त्याचा पगार आणि शिधा थांबला होता. तो सकाळी एका गोदामात खोकी उचलायला जाऊ लागला. त्यात जमेल तेवढं पातेलं चढवलं. सूप पातळ झालं, मग नुसतं कोमट पाणी लागायला लागलं, आणि एका बुधवारी पातेलं चढलंच नाही.

त्या दिवशी तो दारात उभा राहून लोकांना सांगत होता. कोणी शिवी दिली, कोणी मागून खिडकीवर बाटली फेकली. ते त्याला सोसलं. पण एक बाई पुढे आली, कडेवर पोर, आणि त्याचा कोट धरून म्हणाली, “फादर, ती पाटी परत लावा ना. आम्ही बसतो. कितीही लांब करा, आम्ही बसतो.” मागचे माना डोलवत होते. हो, बसतो. दोघंतिघं तर तिथेच पायऱ्यांवर बसलीही, डोळे घट्ट मिटून, आणि वाट बघू लागली. तो त्यांच्याकडे बघत राहिला. इतक्या मनापासून मिटलेले डोळे त्याने त्या हॉलमध्ये कधी पाहिले नव्हते. आत जाऊन त्याने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून खाली बसला. त्या मिटलेल्या डोळ्यांना आपण फसवलं असं त्याला वाटत होतं, आणि फसवलं ते पाटी लावून की काढून, हे त्याला ठरवता येईना. बायको शेजारी येऊन बसली. 

काका आले ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, ऐन दुपारी. तो हॉल झाडत होता.

“ती गेली,” ते म्हणाले. “सकाळी. खाली गाडी आलीय, ड्रायव्हर वर यायला तयार नाही. माणसं हवीत उचलायला.”

“आलोच.”

“प्रार्थना नको.”

“नाही.”

तो कोपऱ्यावर गेला. बुधवारी येणारे तिथे बसलेले असायचे, ओळखीचे चेहरे. एकाने कंबर दुखते म्हणून सांगितलं. एक फोनमध्ये बघत राहिला. तिसऱ्याने विचारलं, “नंतर काही मिळेल का खायला?” त्यात काही खोचक नव्हतं, त्याला खरंच माहिती हवी होती. तो नाही म्हणाला. मागे कोणी येतंय का हे न बघता तो जिना चढला. बायको धुण्याच्या कामावर गेली होती. वर खोलीत दोघं वाट बघत बसले, काका पलंगाच्या कडेला, तो खिडकीपाशी. खालून गाडीचा हॉर्न वाजला.

“एक विचारू?” काका म्हणाले. “तुम्हाला तरी वाटतं का हो, कोणी ऐकतं म्हणून?”

याचं उत्तर त्याने शेकडो वेळा दिलं होतं. आजाऱ्यांच्या उशाशी, तुरुंगाच्या जाळीपाशी, आईच्या शेवटच्या दिवसांत. ती सगळी उत्तरं आत्ताही होती, ओळीने, धुतलेल्या थाळ्यांसारखी. त्याने एकालाही हात लावला नाही.

“मला माहीत नाही, काका.”

म्हाताऱ्याने झटक्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे भीती. “माहीत नाही? तुम्हाला माहीत नाही?” म्हातारा उभा राहिला. “मी नाही म्हणायचो ते वेगळं. मला परवडायचं. खाली तुम्ही हो म्हणत होतात ना रोज! तुम्हाला तरी माहीत असायला हवं होतं.” आणि मग तो बसला, पलंगाची कड धरून, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की पाळकाला आधी वाटलं काकूच ओरडल्या.

त्याने जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात झटकला नाही. हॉर्न पुन्हा वाजला, जिन्यात कोणाचीच चाहूल नव्हती. थोड्या वेळाने काका स्वतःच उठले, चादरीची टोकं बांधली, गाठी ओढून पाहिल्या. “तुम्ही पायाकडून धरा,” ते म्हणाले. त्याने कंबर वाकवली, गोदामात वाकवायचा तशी, दात आवळले आणि जोर लावला, आणि तो जोर वाया गेला. चादर एकदम वर आली, इतकी की तो मागे झुकला. चादरीत काही नव्हतंच म्हणायचं. चार माणसं कशाला, दोनही जास्त होत होती.

ते उतरू लागले. पहिल्या वळणावर काका म्हणाले, “थांबा. दम घेऊ जरा.” दोघांपैकी कोणालाच दम लागला नव्हता. ते थांबले. मग पुढच्या वळणावरही थांबले.